जिममध्ये कोपर दुखावलं तर: पहिल्या दिवसापासून पुन्हा वजन उचलेपर्यंत

जिम सुरू करून काही महिने झाले की वजनं भराभर वाढायला लागतात आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच जणांचं कोपर दुखायला लागतं. सुरुवातीला डंबेल उचलताना कळ येते आणि सेट संपला की जाते. पुढे दुधाचं पातेलं उचलताना, ओला टॉवेल पिळताना, गाडीचा ब्रेक दाबतानाही ती येते. जिममधला एक जण महिनाभर आराम करायला सांगतो, दुसरा पट्टा बांध म्हणतो, तिसरा म्हणतो गोळी घे आणि सेट मार. मला उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हे दुखणं झालं होतं. त्यातून बाहेर पडताना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून जे समजलं आणि जे खरोखर उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पटतील. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. स्नायूची ताकद काही आठवड्यांत वाढलेली दिसते. टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो आणि त्याला मजबूत व्हायला महिने लागतात. वजन स्नायूच्या वेगाने वाढलं की टेंडन मागे पडतो, त्याच्या तंतूंची झीज भरून येण्याच्या आत पुढचा ताण येतो आणि तो दुखायला लागतो. नुसता आराम केला तर दुखणं शमतं, पण टेंडन होता तितकाच कमकुवत राहतो, किंबहुना आणखी कमकुवत होतो. म्हणूनच महिनाभर सुट्टी घेऊन परत आलेल्यांचं कोपर पहिल्याच आठवड्यात पुन्हा दुखतं. टेंडन सुधारतो तो त्याला झेपेल एवढ्या वजनाने, हळूहळू वाढवत नेल्यावर.

१. आधी हे बघा: आजच डॉक्टरकडे जायला हवं का?

पुढचं सगळं हळूहळू वाढलेल्या दुखण्यासाठी आहे. खालच्यापैकी काही असेल तर व्यायाम करत बसू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

- वजन उचलताना ‘टक्’ असा आवाज किंवा फाटल्यासारखी जाणीव झाली, कोपराच्या पुढच्या बाजूला काळंनिळं पडलं, बायसेप्सचा गोळा वर सरकलेला दिसतो. बायसेप्सचा टेंडन हाडापासून सुटलेला असू शकतो. यात शस्त्रक्रिया लागली तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली बरी, म्हणून इथे ‘बघू आठ दिवस’ चालत नाही.
- हात डोक्यावर नेऊन कोपर सरळ करता येत नाही. इथे ट्रायसेप्सचा, म्हणजे दंडामागच्या स्नायूचा टेंडन तपासावा लागतो.
- कोपराच्या टोकावर लाल, गरम सूज आहे, सोबत ताप आहे.
- कोपर मध्येच अडकतं, किंवा पडल्यानंतर पूर्ण वाकत-सरळ होत नाही.
- करंगळी आणि अनामिकेत सतत मुंग्या येतात, पकड ढिली झाली आहे.
- मान वळवली की दुखणं हातात उतरतं. मूळ मानेत असू शकतं.
- डाव्या हातातल्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप. हे कोपराचं दुखणं समजू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

२. नेमकं कुठे दुखतंय ते शोधा

‘कोपर दुखतंय’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने दाबून सर्वांत दुखरी जागा शोधा.

*बाहेरची बाजू.* हात शरीराशेजारी सोडून तळवा पुढे केला की अंगठ्याच्या बाजूचं हाड. कोपर सरळ ठेवून, तळवा खाली करून खुर्ची तिच्या पाठीकडून धरून उचला. इथे कळ आली तर हा बहुधा टेनिस एल्बो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा टेंडन दुखावलेला असतो. नावात टेनिस असलं तरी हे दुखणं रंगारी, सुतार, दिवसभर माउस धरणारे, पोळ्या लाटणारे अशा सगळ्यांना होतं. आपल्याकडे हे नाव बऱ्याच जणांना कळलं ते २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचं कोपर दुखावलं तेव्हा. २००५ मध्ये त्याची लंडनला शस्त्रक्रिया झाली. ती आठवण असल्यामुळे अनेक जण नाव ऐकूनच घाबरतात. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, बहुतेकांचं दुखणं तिच्याशिवाय बरं होतं.

*आतली बाजू.* करंगळीच्या बाजूचं हाड. मूठ आवळून मनगट आत वळवताना दुखतं. याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. वजन उचलणाऱ्यांत, चिन-अप (दांड्याला लटकून अंग वर खेचणं) आणि सरळ बारवर कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणणं) करणाऱ्यांत हे खूप दिसतं. तालमीत दोरीवर चढणाऱ्यांना आणि मल्लखांब करणाऱ्यांनाही हीच जागा सांभाळावी लागते. याच हाडामागून अल्नर नावाची नस जाते, म्हणून आतल्या दुखण्यासोबत करंगळीत झिणझिण्या येतात का यावर लक्ष ठेवा.

*मागची बाजू, टोकाच्या जरा वर.* ट्रायसेप्सचा टेंडन. स्कल क्रशर (आडवं पडून वजन कपाळाकडे आणून हात सरळ करणं), डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं), जड बेंच प्रेस करणाऱ्यांना आणि भरपूर जोर मारणाऱ्यांना हा त्रास होतो.

*पुढची बाजू, घडीत खोलवर.* बायसेप्सचा खालचा टेंडन. हा प्रकार कमी आढळतो. इथलं दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर स्वतः प्रयोग न करता तपासून घ्या.

३. जिम बंद करू नका, व्यायाम बदला

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण सगळंच सोडून देतात. काही जण ‘सवयीने जाईल’ म्हणत तेच करत राहतात. कोपर दुखत असताना पायांचा, पोटाचा व्यायाम तर चालू राहतोच, आणि वरच्या अंगाचाही बराचसा करता येतो. फक्त कोणता व्यायाम खोडी काढतोय ते ओळखावं लागतं.

स्क्वॉटपासून सुरू करा. पायाच्या व्यायामाने कोपर दुखेल असं कुणाच्या मनातही येत नाही, पण बार पाठीवर खाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंवर ठेवून स्क्वॉट करणाऱ्यांत कोपरदुखीचं हे एक नेहमीचं कारण आहे. हात फार जवळ धरले आणि खांदे आखडलेले असले की मनगट मागे मोडतं आणि बारचं वजन पाठीऐवजी हातांवर येतं. हात थोडे लांब धरा, अंगठा बारच्या वरून घ्या, मनगट सरळ ठेवा. तरी दुखलं तर काही आठवडे बार मानेखाली उंच ठेवून स्क्वॉट करा किंवा लेग प्रेसवर या.

आतल्या बाजूला दुखत असेल तर सरळ बारचे कर्ल आणि तळवा स्वतःकडे असलेले चिन-अप आधी थांबवा. सरळ बार तळव्याला पूर्ण वर वळवून ठेवतो आणि तो पीळ थेट आतल्या टेंडनवर येतो. वाकड्या बारवर कर्ल करा किंवा डंबेलने हॅमर कर्ल (तळवा अंगाकडे ठेवून) करा. पुल-अपसाठी तळवे समोरासमोर येणारे दांडे असतील तर ते वापरा, नसतील तर लॅट पुलडाउनला तशी पकड लावा. सेटमधल्या शेवटच्या रेपला (आवर्तनाला) पाय झटकून वर जाणं तर पूर्ण बंद.

बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर रिव्हर्स कर्ल (तळवा खाली ठेवून केलेले कर्ल), लॅटरल रेज (हात बाजूला उचलणं) आणि तळवा खाली ठेवून केलेलं जड रोइंग (वजन पोटाकडे खेचणं) कमी करा. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलणं) आणि रोइंगला काही दिवस लिफ्टिंग स्ट्रॅप (मनगट आणि बारभोवती गुंडाळायची पट्टी) वापरा, म्हणजे पकडीचा ताण कमी होतो आणि पाठीचा व्यायाम सुटत नाही. मूठही बघा. हलकं डंबेलसुद्धा काही जण जीव खाऊन आवळतात. बेंच करताना, पुशडाउन (केबल खाली दाबत हात सरळ करणं) करताना एवढी पकड लागतच नाही.

मागच्या बाजूला दुखत असेल तर स्कल क्रशर आणि डिप्स सोडा. त्याऐवजी केबलला दोरी लावून पुशडाउन करा, कोपर पूर्ण वाकू देऊ नका आणि खाली झटका देऊन सरळ करू नका. बेंच प्रेसमध्ये बार खाली छातीवर असताना मनगट कोपराच्या बरोबर वर यायला हवं. बाजूने व्हिडिओ काढलात की ते लगेच दिसतं.

तालमीत जाणाऱ्यांनी मुद्गल आणि जोडी ही फिरवायची लाकडी वजनं काही काळ बाजूला ठेवावी. फिरवताना खालच्या टप्प्यावर जो हिसका बसतो तो दुखऱ्या टेंडनला सोसत नाही.

जिमबाहेरचा ताणही मोजा. बाहेरची बाजू दुखत असेल तर माउस दुसऱ्या हाताने वापरून बघा, भरलेली पिशवी तळवा वर करून, अंगाजवळ धरून उचला. करंगळीत झिणझिण्या असतील तर कोपर टेबलावर टेकू नका, फोन कानाला लावून फार वेळ बोलू नका, आणि झोपेत कोपर वाकू नये म्हणून त्याभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा.

४. लागणारं सामान

फार काही लागत नाही.

- १ ते ५ किलोपर्यंतची डंबेल. सुरुवातीला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली चालते, तिचं वजन साधारण १ किलो भरतं.
- घरातली लोखंडी हातोडी.
- व्यायामाचा रबरी पट्टा.
- टेबल, ज्याच्या कडेवर हात टेकवता येईल.
- एक वही. हिला पर्याय नाही.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: तारीख, काय केलं आणि किती वजनाने, करताना दुखणं १० पैकी किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. सकाळचा आकडा नुसत्या अंदाजाने लिहू नका. रोज एकच कृती करा, उदाहरणार्थ भरलेली बाटली कोपर सरळ ठेवून उचलणं, आणि तेव्हा जे जाणवेल ते लिहा.

पुढे सगळं ठरतं ते याच आकड्यावर. व्यायाम करताना १० पैकी ३ पर्यंतचं दुखणं चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वर गेला, तर वजन जास्त झालं. मग पूर्ण थांबायचं नाही, वजन किंवा सेट एक पायरी कमी करायचे. टेंडनचं हे वैशिष्ट्य आहे की तो व्यायाम करताना गरम होऊन गप्प बसतो आणि तक्रार दुसऱ्या दिवशी करतो. म्हणून ‘सेट मारताना तर काहीच दुखलं नाही’ यावर विसंबू नका.

५. पहिला टप्पा: वजन न हलवता धरून ठेवणं

दुखणं तीव्र असताना, साधारण पहिले दोन आठवडे, हाच व्यायाम. काही जणांचं दुखणं यानेच कमी होतं, काहींना फारसा फरक वाटत नाही. तरी सुरुवात इथूनच करा, कारण यात टेंडनला हिसका न बसता ताण मिळतो.

बाहेरच्या बाजूसाठी: खुर्चीत बसा, कोपर काटकोनात वाकवा, हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवा, तळवा खाली आणि मनगट कडेच्या बाहेर. हातात १ किंवा २ किलो घ्या आणि मनगट सरळ रेषेत ३० ते ४५ सेकंद धरून ठेवा. मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. असं चार-पाच वेळा, रोज एकदा.

आतल्या बाजूसाठी: सगळं तसंच, फक्त तळवा वर.

मागच्या बाजूसाठी: कोपर काटकोनात ठेवून मूठ टेबलावर खाली दाबा आणि तेवढाच वेळ धरा. पूर्ण जोर लावू नका.

श्वास रोखू नका. दुखणं ३ च्या वर गेलं तर वजन कमी करा. बाटली अर्धी रिकामी केली तरी चालेल, यात कमीपणा काही नाही.

६. दुसरा टप्पा: संथ वजन

सकाळचा आकडा आठवडाभर स्थिर राहिला किंवा उतरला की इथे या. बसण्याची पद्धत तीच. आता मनगट ३ सेकंदांत वर, ३-४ सेकंदांत खाली. १५ चे तीन सेट, एक दिवस आड. जमायला लागलं की अर्धा ते एक किलो वाढवा आणि रेप १२, मग १०, मग ८ वर आणा. हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. शेवटी तुम्ही खरोखर जड वाटणाऱ्या वजनाने हे करत असायला हवं. एक किलोवर अडकून राहिलात तर टेंडन ७० किलोच्या डेडलिफ्टसाठी तयार होणार नाही.

सोबत हातोडीचा व्यायाम. दांड्याचं टोक धरा, हातोडी उभी, कोपर वाकलेलं. ती हळू बाहेर झुकवा, परत उभी करा, हळू आत झुकवा, परत उभी करा. दहा वेळा, दोन-तीन सेट. जड गेलं तर पकड लोखंडाच्या जवळ आणा, सोपं वाटलं तर टोकाकडे सरकवा. आतल्या बाजूच्या दुखण्यात हा व्यायाम वगळू नका, कारण तळवा फिरवणारा स्नायूही त्याच हाडावरून निघतो.

ट्रायसेप्ससाठी रबरी पट्टा दाराच्या वर अडकवून किंवा केबलवर संथ पुशडाउन करा.

आठवड्यातून दोनदा खांद्याच्या मागच्या भागासाठी हलकं रोइंगही ठेवा. खांदा ढिला असेल तर खेचण्याच्या व्यायामात मनगट आणि कोपर जास्तीचं काम ओढून घेतात.

७. इथे बहुतेक जण फसतात

*सेटच्या आधी वेदनाशामक गोळी.* दुखणं हाच तुमचा मोजमापाचा आकडा आहे, गोळीने तो पुसला जातो. शिवाय या गोळ्या पोट आणि किडनीला त्रास देऊ शकतात. फार दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या, जिमला जाण्यासाठी घेऊ नका.

*स्टेरॉइडचं इंजेक्शन.* टेनिस एल्बोमध्ये याने काही आठवडे छान वाटतं. पण २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात असं दिसलं की वर्षभरानंतर इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती आणि दुखणं परतण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. कुणी सुचवलं तर हे विचारा, आणि बरं वाटतंय म्हणून लगेच जड वजन उचलू नका.

*काही अँटिबायोटिक.* सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या औषधांनी टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा द्यायला लावला. आपल्याकडे ही औषधं सर्रास दिली जातात. डॉक्टरांना सांगा की तुम्ही वजन उचलता आणि तुमचा टेंडन दुखतोय. सुरू असलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

*पट्टा.* कोपराखाली दोन-तीन बोटांवर बांधायच्या पट्ट्याने काम करताना आराम मिळतो. तो बांधून वजन वाढवलं तर फायदा शून्य. झोपताना काढा, बोटं बधिर झाली तर लगेच सैल करा.

*हाडवैद्य आणि जोरदार मालिश.* दुखऱ्या हाडावर अंगठा रगडल्याने टेंडन बरा होत नाही. आतल्या बाजूला तर खाली नस आहे. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

*जिममधली ‘सायकल’.* म्हणजे काही आठवडे ॲनाबोलिक, म्हणजे स्नायू वाढवणारी स्टेरॉइड घेणं. ती घेतल्यावर स्नायू अचानक फुगतो, टेंडन त्या वेगाने जुळवून घेऊ शकत नाही आणि तुटण्याचा धोका वाढतो. कोणी काहीही सांगो, यापासून लांब राहा.

तंबाखू आणि सिगारेटनेही टेंडनची भरपाई मंदावते, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तरीही.

८. फिजिओकडे जाताना

सहा आठवडे वरचं नियमित करूनही आकडा उतरत नसेल, किंवा पहिल्यापासूनच गोंधळ वाटत असेल तर जा. सोबत हे न्या:

- वही
- दुखरे व्यायाम करतानाचे, बाजूने काढलेले दोन-तीन व्हिडिओ
- जुने एक्स-रे, सोनोग्राफी किंवा एमआरआय असल्यास
- चालू औषधांची आणि सप्लिमेंटची यादी
- साखरेचा अलीकडचा रिपोर्ट
- डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बीपीटीएच. समोरच्या व्यक्तीकडे ती पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते निःसंकोच विचारा. ‘थेरपिस्ट’ अशी पाटी कुणीही लावतं. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा खूपच कमी येतो. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही आहे. वेळ मात्र हाताशी ठेवून जा. अनेक मेडिक्लेम पॉलिसी ओपीडीतल्या फिजिओचा खर्च देत नाहीत, तेव्हा तुमची आधी वाचून घ्या.

पहिल्याच भेटीत एमआरआय करायची गरज सहसा नसते. टेंडनमधले बदल न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनमध्येही दिसतात, त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून धसका घेऊ नका. आणि दहा दिवस फक्त शेक आणि मशीन लावून घरी पाठवत असतील, वजनाचा व्यायाम कुणी शिकवतच नसेल, तर स्पष्ट विचारा: मला घरी कोणता व्यायाम करायचा आहे आणि तो पुढे कसा वाढवायचा?

९. परत जड वजनांकडे

सलग दोन आठवडे सकाळचा आकडा ० किंवा १ असेल, खुर्ची उचलताना किंवा टॉवेल पिळताना दुखत नसेल, तर बंद केलेले व्यायाम एकेक करून परत आणा. एका आठवड्यात एकच. आधीच्या वजनाच्या निम्म्यावर सुरू करा आणि सकाळचा आकडा बघत आठवड्याला थोडं थोडं वाढवा. दोन व्यायाम एकदम आणलेत आणि दुखलं, तर दोषी कोण ते कळणार नाही.

क्रम साधारण असा ठेवा: आधी ढकलण्याचे व्यायाम, मग स्ट्रॅप लावून रोइंग, मग स्ट्रॅपशिवाय, मग पुल-अप. आतल्या बाजूच्या दुखण्यात चिन-अप आणि सरळ बारचे कर्ल सर्वांत शेवटी, तेही आठवड्यातून एकदाच आणि थोड्या सेटचे. मागच्या बाजूच्या दुखण्यात ढकलणं उशिरा आणा आणि डिप्स शेवटी.

मनगटाचा आणि हातोडीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणखी तीन-चार महिने तरी चालू ठेवा. पाठीच्या व्यायामाच्या दिवशी शेवटी केला की दहा मिनिटांत उरकतो.